निखाडे मास्तरांचा पेला

मयताचे नाव: श्रावण निखाडे. शाळेतील निवृत्त ड्रिल मास्तर. मूळ राहणार भिवापूरकडील एक खेडे, अखेरचा मुक्काम नागपूर, जुनी शुक्रवारी, भाड्याची खोली.

घटनास्थळ: शहरातील एका कचेरीचे आवार. अधिक नेमके म्हणजे लिंबाखालील आम्हा अर्जनवीसांच्या टपऱ्या, पलीकडच्या फाटकाजवळची चिंच, आणि या दोहोंमधील मोकळी जागा.

काळ: सत्तर सालानंतरची काही वर्षे. नेमक्या तारखा देता येत नाहीत. दुसऱ्यांच्या तारखा लिहिण्यात माझे आयुष्य गेले. या माणसाच्या मात्र मी टिपून ठेवल्या नाहीत.

साक्षीदार: बापूराव, स्टँपविक्रेते, यमुनाबाई, त्यांची पत्नी, मुकुंदराव गुजर, टंकलेखक व आवारात बसणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष, जे या प्रकरणात सामनेवालेही आहेत, आणि खुद्द लिहिणार.

तक्रारीचे स्वरूप: मयताच्या नावाने उभारलेली पाण्याची टाकी चुकीच्या जागी आहे.

आता हकीकत.

माझे शिक्षण सातवीच्या अलीकडे थांबले, हे मी लपवीत नाही. परंतु ज्यांचे शिक्षण पुढे गेले त्यांचेही अर्ज मीच लिहितो, आणि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषावरून आजवर परत आलेला नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढील मजकूर लिहिणारा इसम शब्द जपून वापरणारा आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

आमचा धंदा बसण्याचा. सकाळी खुर्चीत बसलेला अर्जनवीस संध्याकाळी उठतो. चहा जागेवर येतो, पान जागेवर येते, पक्षकार तर जागेवर येतोच. त्या काळी पाणीही जागेवर येत असे. कचेरीचा पाणीवाला चिंचेखालच्या रांजणांतून सुरई भरून टपऱ्यांवरून फिरवी. अशाने दुपारनंतर माझा डावा पाय बधिर होई. मांडीवर टाक टोचून पाहिला तरी समजत नसे. आम्हा सर्वांचेच काही ना काही असे बधिर होते. पण त्याची तक्रार कोणाकडे करावी, हे कोणालाच ठाऊक नसल्याने ती कोणी केली नाही.

निखाडे मास्तर आमच्याकडे आले ते पक्षकार म्हणून. वडिलांच्या मागे शेतावर वारसांची नोंद व्हायची होती. उंच, वाळकी शरीरयष्टी, अंगात खादीचा सदरा, डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा. पायांत जाड तळाच्या वहाणा. मी रीतीप्रमाणे समोरच्या स्टुलाकडे हात करून म्हणालो, “बसून सांगा.”

“उभ्यानंच आठवते जी मले,” ते म्हणाले. “बसलो का इसरतो.”

अर्ज लिहून होईपर्यंत ते उभेच राहिले. नोंद व्हायला पुष्कळ काळ गेला. तोपर्यंत ते तारखेला येत, पुढे तारीख नसतानाही येऊ लागले, आणि नोंद झाल्यावरही त्यांचे येणे थांबले नाही. बायको वारलेली, मुलगी दूर दिलेली. मी एकदा विचारले, “मास्तर, काम तर झालं. आता काहून येता?”

“घरी खाट हाय जी,” ते म्हणाले. “दिसली का माणूस तिच्यावर पडते.”

याच सुमारास पाणीवाला काम सोडून गावी गेला आणि त्याच्या जागी कोणी नेमले गेले नाही. दोन दिवस रांजण कोरडे पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मास्तर नळावरून बादल्या आणून रांजण भरीत होते. ओले फडके गुंडाळून, वर लाकडी झाकण ठेवून, शेजारी जर्मन धातूचे चार-पाच पेले त्यांनी पालथे घातले होते. कोणी सांगितले नव्हते, कोणी हरकतही घेतली नाही. कचेरीत फुकट काम करणाऱ्यास परवानगी लागत नाही.

मुकुंदराव गुजर हे नागपुरातल्या महाल भागातील जुन्या घराण्यातले. त्यांचा टाइपरायटर आणि त्यांचा शब्द, दोन्ही आवारात चालत. दुपारी त्यांनी खुर्चीतूनच चुटकी वाजवली.

“ओ मास्तर! पाणी!”

“हाय जी,” चिंचेखालून आवाज आला. “थंडगार हाय. या.”

“अहो, इकडे आणा म्हणतो मी!”

“सुरई फुटली जी मालक. रांजण काही मले उचलत नाही.”

सुरई फुटलेली नव्हती. ती मास्तरांच्या मागेच, चिंचेच्या बुंध्याशी, धडधाकट उभी होती, आणि ती आम्हा सर्वांना दिसत होती. मुकुंदराव चार वाजेपर्यंत तहानलेले राहिले. मग उठले, धोतराचा सोगा हाती धरून ते मोकळे मैदान ओलांडून गेले, दोन पेले प्याले, आणि परत येऊन म्हणाले, “पाणी मात्र गार आहे हो.” त्या दिवसापासून पाणी जागेवर येणे बंद झाले.

हे कोणीही आळशी पाणीवाला करील. मास्तरांचे विशेष पुढे आहे, आणि त्यासाठी आमच्या मुलुखातली एक रीत सांगणे भाग आहे. वैशाखात आमच्याकडे तहानलेल्याला पाणी पोचविण्यास कोणी नाही म्हणत नाही. भांडण असो, जात असो, वेळ नसो. दुसऱ्यासाठी भरलेला पेला हाती आला की तो पोचवावाच लागतो. ओतून टाकता येत नाही आणि स्वतः पिता येत नाही. मास्तरांनी याचेच हत्यार केले.

पहिला वार माझ्यावर झाला. मी एका महत्त्वाच्या अर्जाच्या मध्यावर होतो. मास्तर आले आणि काठोकाठ भरलेला पेला त्यांनी माझ्या हाती दिला. मी तो ओठाला लावणार, तोच म्हणाले, “तुमच्यासाठी नाही जी. तो म्हातारा पाहा, भिंतीपाशी. रामटेककडून आला वाटते. जीव सुकून राहिला त्याचा. माझे हात भरले हायेत, एवढं देऊन या.”

त्यांच्या दोन्ही हातांत आणखी दोन पेले होते, ही गोष्ट खरी. माझ्यासारख्या अर्जनवीसाने भर दुपारी पेला घेऊन मैदानातून चालावे, हे मला मान्य नव्हते. पण पाणी हातात होते. मी उठलो. पाय बधिर होता, तो जमिनीवर ठेवताना मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे झाले. सांडू नये म्हणून सावकाश, ताठ चालावे लागले. म्हातारा घटाघटा प्याला आणि म्हणाला, “बरं झालं गा बाप्पा. लेकराबाळांत सुखी राह्य.” परत येताना पायात रक्त फिरल्याचे जाणवले. त्याचे मी कोणाला सांगितले नाही.

आठवडाभरात सगळ्या टपऱ्यांवर हे सुरू झाले. कोणी मान मोडून लिहीत असला की कानाशी आवाज येई, “एवढं देऊन या जी.” आवारातले पुढारी, दलाल, कारकून, कोणी सुटला नाही. मुकुंदरावांनी अखेर नाझराकडे, म्हणजे कचेरीतले सामानसुमान, माठ आणि खुर्च्या ज्यांच्या ताब्यात असतात त्या साहेबांकडे, तोंडी तक्रार केली: एक उपरा इसम प्रतिष्ठित लोकांकडून हमाली करवून घेतो. नाझर तोलामोलाचे गृहस्थ होते. चौकशीसाठी ते व्हरांड्यात आले. आम्ही सर्वजण लेखण्या खाली ठेवून पाहत होतो.

“कोण निखाडे? पुढं या. तुम्ही लोकांना पिडून राहिले म्हणे?”

“आलो जी साहेब,” म्हणत मास्तर पायऱ्या चढले आणि त्यांनी हातातला पेला नाझरांच्या हाती दिला. “त्या टोकाले एक बाई लेकरू घेऊन बसली हाय. लेकराचे ओठ पाहा कसे फुटले. तुम्ही जवळ हायेत, म्हणून.”

नाझरांनी पेल्याकडे पाहिले. बाईकडे पाहिले. मग ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले, लेकराच्या तोंडाला पेला लावून उभे राहिले, आणि रिकामा पेला स्वतः चिंचेखाली नेऊन पालथा घालून आले. चौकशी तिथेच संपली.

“मुकुंदराव,” मी म्हणालो, “आता वर अपील कुठं करता?”

“तुम्ही लिहा,” ते म्हणाले, “पण या पेल्यावर धावला तेवढा नाझर तुमच्या अर्जावर धावला नाही कधी.”

पाणी हिवाळ्यात कोणाला लागत नाही. तेव्हा मास्तरांनी दुसरा कायदा काढला. आमच्याकडे खेड्यातून आलेली माणसे सारखी वाट विचारतात: तलाठ्याचे दप्तर कुठे, नक्कल कुठे मिळते. आम्ही बोट दाखवायचो. मास्तर येऊन ते बोट हळूच खाली करायचे. “बोटानं रस्ता दाखवू नये जी. बोट काही संग जात नाही. नेऊन सोडा.” आणि नेऊन सोडावे लागे, कारण ते माणूस तोपर्यंत आपल्याकडे पाहत उभे असे.

मी एकदा त्यांना म्हणालो, “मास्तर, तुम्ही ड्रिलचे माणूस. सरळ सकाळी आम्हाला उभं करा, शिटी वाजवा. हे आडून कायले?”

ते पेले विसळीत होते. “पोट्ट्याले शिटी चालते,” ते म्हणाले. “मोठ्या माणसाले शिटी वाजवली का तो बसून घेते. त्याले स्वतःसाठी उठ म्हणा, तो उद्या म्हणते. दुसऱ्यासाठी उठ म्हणा, तर आताच उठते. मोठा माणूस वाईट नसते जी. नुसता बसलेला असते.”

आता बापूरावांचे प्रकरण, ज्यावर सर्व तक्रार अवलंबून आहे.

बापूराव माझ्या शेजारच्या टपरीत स्टँप विकत. देह भारी, अंगात साखर. सायकलरिक्षा त्यांना घरातून उचलून थेट टपरीच्या फळीशी आणून सोडी. पेटीवर गादी, गादीवर बापूराव. डॉक्टरांनी सांगितले होते की हिंडाफिरा, नाहीतर पलंग धराल. बापूराव हसत. त्यांच्या वडिलांनीही पलंग धरलेला होता आणि त्या घरात ती जणू वारसाहक्काची बाब होती.

एके दिवशी यमुनाबाई एकट्याच आल्या, टपरीकडे न वळता चिंचेखाली गेल्या. मी तिथेच पाणी पीत होतो, म्हणून ऐकले.

“मास्तर, आमच्या यायले चालवा जी. तुमचं सारे आयकतात म्हणे.”

“कोणी आयकत नाही वं बाई माझं.”

“सासऱ्याचं सारं म्या केलं. उचलणं, धुणं, कूस बदलणं. किती वर्षं केलं ते मले मालूम. आता यायचं करायची ताकद माझ्या अंगात नाही. हे पडले तर मी काय करू, सांगा.” बाई रडल्या नाहीत. बाजारभाव सांगावा तसे सांगितले.

मास्तरांनी काही आश्वासन दिले नाही. दुसऱ्या दिवशी बापूरावांच्या हाती पेला आला, तो शेजारच्या टपरीतल्या, म्हणजे माझ्याच समोर बसलेल्या माणसासाठी. चार पावलांचे काम. बापूराव कण्हत उठले, दिला, बसले. काही दिवसांनी तहानलेला माणूस लिंबाच्या पलीकडे असे. मग पायऱ्यांशी. मग भिंतीशी.

“मास्तर, हाच म्हातारा काल इथं जवळ बसला होता. आज तिकडं काहून बसवला?” बापूरावांनी दम खात विचारले.

“ऊन सरकलं जी,” मास्तर म्हणाले.

ऊन सरकलेले नव्हते. मास्तरांनीच सकाळी त्या म्हाताऱ्याला सांगितले होते, “बाबा, तिकडं सावली गडद हाय.” हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे. असे ते तहानलेली माणसे लांब लांब बसवीत गेले आणि बापूराव त्यांच्यामागे जात राहिले. शिव्या देत जात, पण जात. पावसाळ्यापर्यंत ते फाटकाशी रिक्षा सोडू लागले. पुढच्या वर्षी चौकातच सोडीत. एका सकाळी ते रिक्षाशिवाय आले, घामाघूम, हातात चपला घेऊन, कारण वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला होता; आणि जिंकलेल्या दाव्याचा निकाल दाखवावा तशी ती तुटलेली चप्पल त्यांनी सर्वांना दाखवली. यमुनाबाईंनी दुसऱ्या दिवशी मास्तरांसाठी झुणका-भाकर पाठवली. मास्तरांनी ती उभ्यानेच खाल्ली.

अशी काही वर्षे गेली. त्यांत सांगण्यासारखे विशेष नाही. माझा पायही माझा राहिला.

मास्तर वैशाखाच्या अखेरीस, झोपेत गेले. घरमालकाने निरोप पाठवला तेव्हा मी एक अर्ज लिहीत होतो. मी हातातले वाक्य पूर्ण केले. तो कागद पुढे पाहण्यात आला, त्यात एकही खाडाखोड नव्हती. मला काही वाटले नाही, असे मी नमूद करतो. वाटायला हवे होते, एवढे कळत होते.

रडले ते मुकुंदराव. टाइपरायटरवर डोके ठेवून रडले. मंडळाची सभा त्यांनीच बोलावली आणि मास्तरांचे स्मारक पाण्याचेच असावे, हे त्यांनीच सुचवले. त्यांची भावना खोटी नव्हती. पांढऱ्या फरशीचा ओटा झाला, त्यावर पत्र्याची टाकी, टाकीला दोन तोट्या, आणि वर दगडी पाटी. ‘तहानलेल्यांसाठी अखंड चाललेले कै. श्रावण निखाडे मास्तर यांच्या स्मरणार्थ’ हा पाटीवरील मजकूर माझा आहे आणि तो सर्वांस पसंत पडला. ओटा कुठे बांधावा यावर चर्चा झाली नाही. मास्तर आमचे, म्हणून ओटा आमच्या टपऱ्यांना लागून. वयस्कर सभासदांची सोय होईल, असेही कोणी म्हणाले. चिंचेखालचे रांजण जुने झाले होते, ते काढून टाकण्यात आले.

उद्घाटनाला हार घातला. मुकुंदरावांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात लांब केला, तोटी सोडली, पेला भरला आणि प्याले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग एकेकाने आपापल्या जागेवरून हात लांब केला.

त्यानंतर आमच्यापैकी कोणी उठले नाही.

पक्षकारही ओट्याशी येऊन स्वतः पिऊन जाऊ लागले. भिंतीशी बसलेले म्हातारे भिंतीशीच बसून राहत. त्यांच्याकडे आमची पाठ असे. पावसाळा सरता सरता बापूरावांची रिक्षा चौकातून फाटकाशी आली, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा टपरीच्या फळीशी. आता त्यांना रिक्षावाला आणि मी, असे दोघे मिळून पेटीवर बसवतो. त्यांच्या तळपायांना काही लागत नाही म्हणतात. माझाही डावा पाय दुपारचा गेलेला असतो. हल्ली तो संध्याकाळीही परत येत नाही.

परवा यमुनाबाई आल्या. आल्या त्या सवयीने चिंचेकडे गेल्या, तिथे उभ्या राहिल्या, मग आमच्याकडे परत आल्या. पाटी त्यांना वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवली. त्यांनी तोटी सोडून पेला भरला आणि बापूरावांना द्यायला वळल्या. हात मध्येच अडला. पाणी लुगड्यावर सांडले.

पेला साखळीने टाकीला बांधलेला होता.

“हे काहून बांधलं जी?” त्यांनी विचारले.

“चोरीला जातात, वहिनी,” मुकुंदराव म्हणाले. “सार्वजनिक ठिकाण आहे.”

“मास्तरचे गेले होते का कधी?”

मुकुंदरावांनी टाइपरायटरात नवा कागद चढवला. यमुनाबाईंनी साखळी पुरेल तेवढा पेला बापूरावांच्या दिशेने धरला. बापूरावांनी हात लांब केला. दोघांच्या हातांमध्ये वीतभर अंतर राहिले. बापूराव उठले नाहीत. त्यांच्याने उठवले नाही. बाईंनी पेला तसाच सोडला, तो साखळीला लोंबकळत टाकीवर आपटत राहिला, आणि त्या निघून गेल्या.

यावरून मी हा अर्ज लिहावयास घेतला.

मास्तरांना अखेरचे पाहिले ते सांगून संपवतो. शनिवारची दुपार होती. कचेरी अर्धा दिवस, आवार ओस. मी एक अर्ज संपवायचा म्हणून थांबलो होतो. मास्तर आले आणि भरलेला पेला त्यांनी माझ्यापुढे धरला. मी लेखणी ठेवून उठलो, पेला घेतला आणि विचारले, “कोणाले द्यायचा?”

त्यांनी भिंतीकडे पाहिले, पायऱ्यांकडे पाहिले. कुठेही माणूस नव्हता.

“कोणी नाही जी,” ते म्हणाले. “तुमीच प्या. पण तिथं जाऊन प्या.”

मी पेला घेऊन मैदान ओलांडले. चिंचेखाली उभा राहून प्यालो. पेला विसळून पालथा घातला आणि वळून पाहिले, तो मास्तर माझ्या खुर्चीत बसलेले होते. इतक्या वर्षांत त्यांना बसलेले मी पाहिले नव्हते. दोन्ही पावले जमिनीवर जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसते तसे ते बसले होते, आणि माझ्याकडे पाहत होते. मला वाटले, विसावा घेत असतील. मी घाई केली नाही. सावकाश परत आलो.

सबब मंडळाचे सर्व सभासद व संबंधित अधिकारी यांस विनंती की, सदर टाकी, ओटा व पाटी लिंबाखालून काढून पूर्वीच्या जागी, म्हणजे चिंचेखाली, बसविण्याचा हुकूम व्हावा. तूर्त तेवढे न झाल्यास निदान पेल्याची साखळी तोडण्यात यावी. बापूरावांचा पाय अद्याप गेलेला नाही. विलंब झाल्यास नुकसान भरून येणारे नाही.

या अर्जाचे उत्तर टपालाने किंवा शिपायाहाती पाठवू नये. ज्याने निर्णय द्यावयाचा त्याने ते स्वतः चालत आणून द्यावे. अर्जदार खुर्चीत आढळणार नाही. तो चिंचेखाली उभा आहे.